फाटकाशी अकरा मिनिटं

काकासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. साहेब तो पुढं झाला, आणि तोही अर्धाच. विद्यापीठाच्या इस्टेट विभागातला कनिष्ठ अभियंता म्हणजे गळक्या नळापासून जळालेल्या मोटारीपर्यंत सगळं ज्याच्या गळ्यात पडतं आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत ज्याचं नाव सापडत नाही असा माणूस. आडनाव पोफळे, गाव करमाड. सुखना विद्यापीठ जालना रोडवर, शेंद्र्याजवळ. घरून मोटारसायकल काढली की वीस मिनिटांत फाटक. बावीस वर्षं तो त्या फाटकातून आत-बाहेर करत होता. त्यातली अकरा मिनिटं मात्र त्याला अजून पचली नव्हती.

तर या विद्यापीठानं आपत्कालीन नियंत्रण कक्ष बांधायचा ठराव केला. आग लागो, नाल्याला पाणी येवो, वसतिगृहात विषबाधा होवो, एका खोलीत बसून सगळ्या कॅम्पसला हाक मारता आली पाहिजे आणि कोण कुठं आहे ते कळलं पाहिजे, असा विचार. विचार चांगलाच होता. फक्त तो आग लागून गेल्यावर सुचला आणि कागदावरून जमिनीवर यायला त्याला दोन वर्षं लागली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण घोडं आलं हेही थोडं नाही, असं काकासाहेबाचं मत होतं.

आग लागली होती परीक्षा भवनाच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत. एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा, वरच्या मजल्यांवर चारशे पोरं पेपर लिहीत बसलेली. धूर पहिल्यांदा दिसला तो करीम शेखला. करीम वायरमन. तो आणि काकासाहेब एकाच महिन्यात नोकरीला लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. सबस्टेशनवरून त्यानं काकासाहेबाला फोन लावला. काकासाहेब तेव्हा मुख्य फाटकाशी होता, आणि धुरात घालायचे मास्क फाटकाजवळच्याच कपाटात असायचे. ते बोलणं काकासाहेबाला शब्दन् शब्द पाठ होतं.

"काकासाब, परीक्षा भवनाच्या तळघरातून धूर निघतोय. मेन पाडावं लागंल. येतो मी."

काकासाहेबानं कपाट उघडलं, मास्क काढले आणि फाटकाशी उभा राहिला. करीम आला की दोघांनी मिळून आत शिरायचं. पाच मिनिटं झाली तरी करीम नाही. फोन लावला तर लागेना. अकराव्या मिनिटाला एक शिपाई धापा टाकत आला. पोरं सगळी बाहेर पडली, लाईट गेलीय, पण करीमभाई तळघरात उतरले ते वर आलेच नाहीत, असं त्यानं सांगितलं. मग काकासाहेब जो पळाला! करीमला खांद्यावर टाकून त्यानंच वर आणलं. विजेचं मेन बटण पाडलेलं होतं, पोरांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. करीम मात्र चाळीस दिवस दवाखान्यात राहिला आणि अर्धी छाती घेऊन बाहेर आला. खांबावर चढताना कव्वाली म्हणणारा माणूस, त्याला आता तीन पायऱ्या चढल्या की भिंत धरावी लागायची.

काकासाहेब दवाखान्यात भेटायला गेला तर करीमनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही तेच. आता काकासाहेबाच्याही मनात अढी होतीच. येतो म्हणाला आणि आला नाही. एकटाच घुसला शूर होऊन. आपण काय भिऊन मागं राहणार होतो? पण नाकात नळी घातलेल्या माणसाला हे विचारायचं कसं? त्यानं विचारलं नाही, करीम बोलला नाही. पूर्वी 'काकासाब' म्हणणारा करीम कामावर परतला तो 'पोफळे साहेब' म्हणत. शिवी दिली असती तरी काकासाहेबाला इतकं लागलं नसतं.

चौकशी समितीनं दोघांचे जबाब घेतले, पण वेगवेगळ्या दिवशी आणि बंद दाराआड. मग निष्कर्ष काढला, 'संपर्क यंत्रणेचा अभाव.' काकासाहेबाला तेव्हा हसू आलं होतं. अभाव कसला? पहिला फोन लागला होता, आवाज खणखणीत होता. पण अभाव सापडला की खरेदी करता येते, आणि खरेदी करता आली की समितीचं सार्थक होतं.

करीमची चार वर्षं नोकरी बाकी होती. वायरमनचं काम त्याच्याच्यानं होत नव्हतं, म्हणून त्याला इस्टेटच्या ऑफिसात हजेरीचं रजिस्टर धरून बसवलं होतं. पण रजिस्टर धरायची मंजूर जागा नसते. आगीनंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात कुलसचिवांकडून पत्र आलं: जूनअखेर बसून करण्याच्या मंजूर जागेवर रुजू व्हावं, अन्यथा वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त करण्यात येईल. सेवामुक्त म्हणजे पगार गेला आणि कॅम्पसमधलं क्वार्टरही गेलं. अशी जागा सगळ्या विद्यापीठात एकच होती, नव्या कक्षातल्या वायरलेसवरच्या ऑपरेटरची. त्या खुर्चीत काकासाहेबाला करीम बसायला हवा होता. बाकी त्या इमारतीकडून त्याला स्वतःसाठी काही नको होतं.

इमारतीचा नकाशा आधी पुण्याच्या सल्लागारांनी काढून आणला होता. प्रशासकीय इमारतीचा दुसरा मजला, भिंतभर कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारे पडदे, अर्धचंद्रासारखं टेबल आणि मध्ये कुलगुरूंसाठी उंच पाठीची खुर्ची. नकाशात खुर्चीच्या मागं कुंडीसुद्धा होती. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. काकासाहेब शेवटच्या रांगेतून उठला.

"साहेब, लाईट गेल्यावर ही भिंत काय दाखवती?"

सल्लागार म्हणाले, जनरेटर आहे.

"जनरेटरच्या खोलीतच आग लागली तर? आन् मुतारी कुठं दाखवली नाय. माणूस बारा-बारा तास बसणार तिथं."

बैठकीत खसखस पिकली, पण अग्निशमन दलाचे एक अधिकारी आले होते, ते हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तिथून नकाशा हळूहळू काकासाहेबाच्या हातात आला. त्यानं कक्ष दुसऱ्या मजल्यावरून काढला आणि मुख्य फाटकाजवळच्या जुन्या स्टेशनरी गोदामात आणला. दगडी भिंती, दोन बाजूंना दोन दारं, आणि जोतं चार फूट उंच, म्हणजे नाला कितीही फुगला तरी पाणी आत यायचं नाही. बॅटऱ्या त्यानं इमारतीत ठेवल्याच नाहीत. वीस पावलं दूर पत्र्याची वेगळी शेड केली, तिला वारा खेळायला चारी बाजूंनी जाळी. दुधानं तोंड पोळलं होतं, ताक फुंकून पिणं आलंच. सगळ्या तळघरांत वायरलेसचा आवाज पोचावा म्हणून छपरांवर यंत्रं बसवली. आत एका भिंतीवर कॅम्पसचा रंगवलेला नकाशा, त्यावर माणसागणिक एक चुंबकाची चकती. पडदे बंद पडले तरी चकती हातानं सरकवता यावी म्हणून.

उंच जोत्याला पायऱ्या आल्या, आणि पायऱ्यांवर त्याचं मन अडलं. त्यानं उतार काढायचं ठरवलं. सल्लागार म्हणाले, बारा फुटांना एक फूट चढ, नियम तेवढाच सांगतो.

"चौदाला एक करा," काकासाहेब म्हणाला.

"कशाला? जागा जाते, खर्च वाढतो."

"बाराच्या चढावर माणसाला दम लागतो."

कुठल्या माणसाला ते त्यानं सांगितलं नाही. कँटीनसमोरचा रस्ता बाराला एक होता, आणि त्या चढावर करीम दोनदा थांबतो हे त्यानं झाडाआड उभं राहून तीन दिवस पाहिलं होतं. ग्रंथालयासमोरचा चढ चौदाला एक होता. तिथं करीम न थांबता जायचा. ऑपरेटरची खुर्चीही त्यानं भिंतीकडून काढून खिडकीशी आणली. खिडकी मोठी, उताराकडं उघडणारी, वारा सरळ छातीवर येईल अशी. सल्लागारांनी कारण विचारलं तर म्हणाला, फाटक दिसतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो अर्जाचा कागद घेऊन करीमच्या क्वार्टरवर गेला. करीम घरी नसतो ती वेळ धरूनच गेला. दार मेहरुन्निसानं उघडलं. करीमची बायको बोलायला मोकळी. दोन वर्षांत तिनं काकासाहेबाशी अबोला धरला नव्हता, त्या घरात जायला त्याला हीच एक वाट उरली होती. तिनं चहा टाकला. काकासाहेबानं अर्ज काढून चौरंगावर ठेवला.

"भाभी, सही तेवढी पायजे. बाकी सगळं मी भरलंय. तीस तारखेच्या आत."

मेहरुन्निसानं कागद उचलला, पाहिला आणि पुन्हा ठेवला.

"भाईसाब, कालच बोलले मी त्यांना. ऐकत नाय. म्हणतात, जिसने मेरेकू धुएँ में अकेला छोडा, उसके कमरे में नै बैठता मैं. घर गेलं तरी चालंल म्हणतात."

एकटं सोडलं? मी? येतो म्हणून सांगून न येणारा तो, आणि सोडणारा मी? हे सगळं काकासाहेबाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर ती बाई होती जिनं चाळीस दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले होते. त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

"तुम्ही दोघं एकदा बोला ना," ती म्हणाली. "दो बरस हुए. मध्ये मी किती पडू?"

"बघू," तो म्हणाला. "अर्ज ऱ्हाऊ द्या इथंच."

"ठेवते तांदळाच्या डब्यात."

"येतो भाभी," म्हणून तो उठला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला.

कक्ष जूनच्या मध्यावर उभा राहिला. चौदा वॉकीटॉकी आले, भोंगा बसला. सल्लागारांनी इंग्रजी पुस्तिका दिली होती, तिचं काकासाहेबानं सुरक्षारक्षकांसाठी मराठी केलं आणि त्यांना आठ दिवस शिकवलं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं एवढं सगळ्यांनी उचललं. कडूबा नावाचा रक्षक होता, त्याची शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेलेली आणि तो फाटकावर आलेला. तो तर कँटीनमध्येसुद्धा 'एक कट चहा, साखर कमी, ओव्हर' म्हणू लागला. नव्याचे नऊ दिवस म्हणून काकासाहेबानं त्याला टोकलं नाही.

रंगीत तालीम पंचवीस जूनला सकाळी अकराला ठरली. कुलगुरू येणार, कुलसचिव येणार, तेच अग्निशमन अधिकारी घड्याळ लावून बसणार. प्रसंग असा: ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर धूर, एक माणूस जखमी, पुढचा जिना बंद. मागच्या दारानं जाऊन सहा मिनिटांत जखमीपर्यंत पोचायचं. जखमी म्हणून झाडलोट करणाऱ्या सरूबाईला निवडलं होतं. तिच्या गळ्यात 'जखमी' अशी पाटी अडकवून तिला तिसऱ्या मजल्यावर चादरीवर निजवलं होतं. पगारी झोप आजवर कुणी दिली नव्हती, म्हणून ती खूश होती.

साडेदहाला कळलं की ऑपरेटर नाही. कायमची जागा भरेपर्यंत एजन्सी माणूस पाठवणार होती. एजन्सीनं पाठवला नव्हता. कुलगुरूंची गाडी तर फाटकात शिरत होती. कुलसचिवांनी इकडंतिकडं पाहिलं.

"शेखला बसवा," ते म्हणाले. "त्याला सगळ्या इमारती पाठ आहेत."

कुलसचिवांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. करीम ऑफिसातून आला. उताराच्या तळाशी क्षणभर थांबला, वर पाहिलं आणि चढू लागला. काकासाहेब स्ट्रेचरच्या चार माणसांना घेऊन वर दाराशी उभा होता. तो दुसरीकडं पाहत असल्यासारखं करून पावलं मोजत होता. करीम न थांबता वर आला, त्याच्याकडं न बघता आत गेला आणि खुर्चीत बसला. खिडकीतून वारा आला तसं त्यानं सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. काकासाहेबाला त्या घटकेला इतकं बरं वाटलं की तालीम फसली तरी चालेल असं वाटून गेलं. बोलाफुलाला गाठ पडते ती अशी.

अकराला भोंगा वाजला. करीमनं माइक ओढला. दोन वर्षं रजिस्टर धरलेला तो माणूस असा काही बोलू लागला की कुलगुरूंनीही मान वर केली. कुठला रक्षक कुठं आहे, कुठलं दार कुठल्या चावीचं, सगळं तोंडपाठ. चकत्या सरकवत सरकवत त्यानं हाक दिली.

"कडूबा, ग्रंथालय तिसरा मजला, जखमी एक. मागच्या दाराची चावी तुझ्याकडंच हाय ना? ओव्हर."

"हाय, हाय. येतो मी, ओव्हर." आवाज अगदी शेजारी उभं राहून बोलल्यासारखा स्वच्छ आला.

करीम खिडकीकडं वळला. "पोफळे साहेब, स्ट्रेचर थांबवा. चावी घेऊन कडूबा इकडं येतोय. त्याच्याबिगर तिथं जाऊन उपेग नाय."

त्यानं कडूबाची चकती नकाशावर कक्षाच्या दिशेनं सरकवली. काकासाहेबानं माणसांना थांबवलं आणि रस्त्याकडं पाहत उभा राहिला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग वायरलेसमधून धापा ऐकू येऊ लागल्या. कडूबाचा अंगठा बटणावर दाबलेला राहिला होता. त्यामुळं बाकी कुणाला बोलता येईना, फक्त कडूबाचा श्वास सगळ्या खोलीत घुमू लागला.

"पळत येतोय बिचारा," करीम म्हणाला.

रस्ता मोकळाच होता. चार मिनिटं, पाच मिनिटं. तेच फाटक समोर, तेच वाट पाहणं, आणि हातात काही करण्यासारखं नाही. सहावं मिनिट गेलं तेव्हा अधिकाऱ्यांनी कागदावर एक रेघ मारली. धापा थांबल्या. खुडबुड ऐकू आली. आणि नवव्या मिनिटाला वायरलेसमधून सरूबाईचा आवाज आला, तोही तितकाच स्वच्छ.

"आवं, कुणी येतंय का मी उठू? माझं आंग आखडलं."

पाठोपाठ कडूबाचा. "थांब गं, येतील. मला यिऊन लई येळ झाला, ह्यांचाच पत्ता नाय."

करीमचा हात कडूबाच्या चकतीवर तसाच राहिला होता.

तालीम संपल्यावर सगळे कक्षात जमले. कडूबालाही बोलावलं. कुलसचिव त्याच्यावर घसरले. "तू कक्षात येतो म्हणालास आणि परस्पर तिकडं गेलास?"

"नाय साहेब. येतो म्हणलो म्हंजी निघालो."

"मग जातो म्हणायचं होतंस."

कडूबानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू साहेबांना कुणी वळण लावलं की नाही अशी त्याला शंका आली.

"जातो कसं म्हनावं साहेब? आग लागलेल्या ठिकानी निघालेला मानूस जातो म्हनंल का? घरी लेकरंबाळं हायेत माझी. येतोच म्हनतेत."

कुलगुरू हसले, म्हणून सगळे हसले. अधिकाऱ्यांनी कागद वाचून दाखवला: संपर्क यंत्रणा उत्तम, आवाज स्वच्छ, जखमी व्यक्ती मृत. सरूबाई दाराशी उभी होती, तिनं विचारलं, "मेले तरी आजची हजेरी लागंल ना?" ती लागेल असं तिला सांगण्यात आलं. मग चहा झाला, बिस्किटं झाली, पुन्हा तालीम घ्यायचं ठरलं आणि गाड्या निघून गेल्या.

हसला नव्हता तो एकटा करीम. तो खुर्चीतून उठलाच नव्हता. काकासाहेब कप गोळा करत होता, जे त्याचं काम नव्हतं.

"किती मिनिटं थांबला होतास?" करीमनं विचारलं.

"नऊ. साहेबांच्या घड्याळात आलंय."

"आजचं नाय. त्या दिवशी."

काकासाहेबानं कप खाली ठेवले. "अकरा."

"कुठं?"

"हितंच. फाटकाशी." त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तू येतो म्हणलास. मी म्हणलं मास्क घ्यायला इकडं येतोय. फोन लावला, पन तू तळघरात. लागंना."

करीमनं नकाशावर बोट टेकवलं. परीक्षा भवनापासून फाटकापर्यंत बोटभर अंतर होतं.

"येतो म्हंजी निघतो म्हणलो होतो रे मी," तो म्हणाला. "माझ्या हिशोबानं तू मागोमाग होतास. खाली धूर भरला तेव्हा मी जिन्याकडं तोंड करून बसलो होतो. आता येईल काकासाब, आता येईल. मग वाटलं, डर गया. दोन वर्षं तेच वाटतंय. आन् आज मी सोता तेच केलं. कडूबाचा दम मला ऐकू येत होता, तरी मी म्हणतोय, इकडं येतोय."

काकासाहेबानं एक कप उगाचच सरळ केला.

"मास्क होता तुझ्या हातात?" करीमनं विचारलं.

"दोन होते."

"दोन?"

"एक तुझा, एक माझा. एकटा आत जायाचा नव्हतास तू."

करीमनं खिडकीकडं तोंड फिरवलं. त्याला खोकला आला की आणखी काही, हे पाठीवरून कळलं नसतं. पण काकासाहेबाला कळलं, कारण त्याचंही तेच झालं होतं. दोन माणसं, पन्नाशी ओलांडलेली, रिकाम्या कपांच्या दोन बाजूंना रडत होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं एका डब्यात जेवून दोघं एका शब्दावर उपाशी राहिले होते.

मग करीमनं नाक पुसलं, टेबलावरचा खडू घेतला आणि उठून फळ्यावर लिहू लागला. त्याचं मराठी अक्षर काकासाहेबापेक्षा चांगलं होतं, पहिल्यापासून. 'वायरलेसवर येतो म्हणू नये. जातोही म्हणू नये. कोण, कुठं निघालो, कधी पोचतो, एवढंच सांगावं. ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणून दाखवावं.'

"जातो म्हणायला तसंही कोन तयार हाय," काकासाहेब म्हणाला.

"म्हणून तर दोन्ही बंद."

त्यानं खडू ठेवला, हात झटकले, आणि कडूबाची चकती उचलून परत तिच्या जागी लावली. मग सदऱ्याचं बटण लावून दारापर्यंत गेला. तिथं त्याचे ओठ सवयीनं उघडले, आणि मिटले. तो फळ्याकडं वळून हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"करीम," तो म्हणाला. "घरी निघालो. तांदळाच्या डब्यातला कागद घेऊन उद्या दहाला या खुर्चीत पोचतो, काकासाब. ओव्हर."

नियम नुकताच झाला होता, मोडून चालणार नव्हतं. काकासाहेबानं घसा साफ केला.

"करीम घरी निघाला," तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "उद्या दहाला. या खुर्चीत."

मग तो खिडकीशी आला आणि करीम उतारावरून खाली पोचेपर्यंत बघत राहिला.